सोळा वर्षांचा वायदा

हळदीचे दिवस होते. आमच्या वसमत तालुक्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये घराघरात दुसरं बोलणंच नसतं. हळद काढा, शिजवा, वाळत घाला, ढोलात फिरवून चकाकी आणा. नखं पिवळी, पदर पिवळा, चहाच्या कपाचा कानसुद्धा पिवळा! २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आम्हालाही झाला. पण संध्याकाळी कंबर धरून बसायची वेळ येते ती आम्हा बायकांवरच.

अशाच एका संध्याकाळी नांदेडला शिकणारी माझी लेक सुटीवर आलेली. म्हणाली, "आई, तुला एक मालिका दाखवते. चिनी आहे."

"चिनी? म्हणजे ते हवेत उड्या मारणारे?"

"उड्या आहेत. पण लव्हस्टोरी आहे. तू बघ तर!"

खरं सांगते मैत्रिणींनो, मी पोरीचं मन मोडायला नको म्हणून बसले. लाडवाच्या डब्याला मोबाइल टेकवला. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, लेक त्याचं मराठी करून सांगायची. शेजारी माझी आत्या वाती वळत बसलेली. तिला टीव्हीचं वेड कधीच नव्हतं. पण पाचच मिनिटांत तिनं मान वर केली.

"आगं, ही पोरगी पांढरं कामून नेसती? इधवा हाय का?"

त्या दिवसापासून एक्केचाळीस भाग आम्ही तिघींनी मिळून बघितले.

मालिकेचं नाव इंग्रजीत 'रिटर्न ऑफ द काँडर हीरोज'. २००६ सालची. नायिका आहे लिऊ यीफेई, जी पुढं २०२० मध्ये डिस्नेच्या 'मुलान' चित्रपटात मुलान झाली. या मालिकेचं चित्रीकरण झालं तेव्हा ती जेमतेम सतरा-अठरा वर्षांची होती. नायक ह्वांग श्याओमिंग. चीनच्या डोंगरदऱ्या, निळे-हिरवे तलाव यात इतके सुंदर दिसतात की तलवारी बाजूला राहाव्यात आणि आपण नुसतं पाणीच बघत बसावं.

अशा कथांना तिकडं 'वूशिया' म्हणतात. 'वू' म्हणजे युद्धकला आणि 'शिया' म्हणजे गरिबा-दुबळ्यांसाठी तलवार उचलणारा वीर. माणसं झाडाच्या शेंड्यावरून पळतात, पाण्यावरून चालतात. माझा पुतण्या बघून हसायला लागला तेव्हा आत्यानंच त्याला गप्प केलं. "मारुती उडाला तं चालतंय, आन् हे उडाले तं हसू येतंय व्हय रे?" बरोबरच होतं तिचं. हिंगोलीच्या दसऱ्याला रामलीला बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. पुढं १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'चंद्रकांता' आली, तेव्हा रविवारी सकाळी गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर अख्खी आळी बसायची. राजकन्या, तलवारी, वेष बदलणारे ऐयार हे सगळं आमच्या ओळखीचंच होतं. मग चीनचं तरी परकं का वाटावं?

ही कथा लिहिली जिन योंग या लेखकानं. १९२४ मध्ये चीनमध्ये जन्मलेल्या आणि पुढं हाँगकाँगला स्थायिक झालेल्या या माणसानं १९५९ मध्ये 'मिंग पाव' नावाचं दैनिक काढलं. दैनिक खपावं म्हणून पहिल्या अंकापासून स्वतःच रोज या कादंबरीचा एक तुकडा लिहायला लागला. १९६१ पर्यंत ती चालली. आपल्याकडं हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून क्रमशः यायच्या, तशीच ही. पुढं त्यावर कितीतरी मालिका निघाल्या. १९८३ च्या हाँगकाँगच्या मालिकेत अँडी लाऊ होता, १९९५ च्या मालिकेत लुई कू. कुठली चांगली यावर चाहते अजून भांडतात म्हणे. जिन योंग २०१८ मध्ये गेले, पण त्यांच्या गोष्टी काही थांबल्या नाहीत.

आता गोष्ट सांगते. काळ तेराव्या शतकातला. उत्तरेकडून मंगोल चालून आलेत, आणि श्यांगयांग शहर त्यांना अडवून उभं आहे. (हे शहर खरंच होतं, आणि १२७३ मध्ये ते पडलं.) या धामधुमीत यांग क्वो नावाचं एक अनाथ पोर. बाप फितूर म्हणून मेला, त्याचा डाग पोराच्या कपाळी. त्याच्या नावातल्या 'क्वो'चा अर्थच मुळी 'चूक'! बापाची चूक पोरानं सुधारावी म्हणून ठेवलेलं नाव. मठात शिकायला पाठवतात, तिथं गुरूच त्याला छळतो. ते पळून जातं आणि डोंगरातल्या एका जुन्या थडग्यात आसरा घेतं. आणि त्या थडग्यात राहत असते ती, पांढऱ्या कपड्यातली श्याओ लाँगन्यू. नावाचा अर्थ 'छोटी ड्रॅगनकन्या'. जन्मल्यापासून तिनं बाहेरचं जग पाहिलेलं नाही. हसायचं नाही, रडायचं नाही, ही तिच्या पंथाची शिकवण. रात्री झोपते ती एका ताणलेल्या दोरीवर!

"डोंबाऱ्याची पोर दिसती," आत्या म्हणाली.

ती त्याची गुरू होते. चार वर्षांनी मोठी. दोघं तिथंच वाढतात आणि हळूहळू जीव जडतो. बाहेर आल्यावर भर सभेत ती सरळ सांगून टाकते की मला याच्याशी लग्न करायचंय. तिला वाटतं, यात लपवायचं काय? आणि मग जो गहजब होतो! गुरू म्हणजे आईबाप, तिच्याशी लग्न म्हणजे पाप. ज्यांनी त्याला लहानपणी सांभाळलं तेच त्याच्यावर हात उगारतात. तो प्रसंग बघताना मला आपल्याकडच्या बैठका आठवल्या. पोरगी पोरापेक्षा एक वर्षानं मोठी निघाली तरी पत्रिका परत येते, ते आठवलं.

पुढं काय काय होत नाही त्यांना! मठातला एक साधू बेसावध असताना तिच्यावर अत्याचार करतो. दुसरीकडं एक रागीट पोरगी तलवारीनं याचा उजवा हात तोडते. दोघांनाही जगानं मोडलेलंच. पण मला भावलं ते हे की, त्याला सगळं कळतं तेव्हा त्याच्या मनात तिच्याबद्दल तसूभरही फरक पडत नाही. 'बाटली', 'डाग लागला' असला एक शब्द त्याच्या तोंडी येत नाही. तिलाही त्याच्या रिकाम्या बाहीचं काही वाटत नाही. ज्या मठात त्याला छळलं, तिथंच, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून दोघं लग्न करतात. १९५९ साली लिहायला घेतलेली ही गोष्ट! आजही आपल्याकडच्या किती मालिकांत असा नवरा दिसतो, सांगा बरं?

त्यात एक गरुडही आहे, माणसाएवढा. इंग्रजी नावात 'काँडर' म्हटलंय, पण काँडर हा अमेरिकेकडचा पक्षी. मूळ चिनी शब्द गरुडाच्या जातीचा. हात गेल्यावर हाच गरुड यांग क्वोला पुन्हा उभं करतो. आत्यानं त्याचं नाव ठेवलं जटायू.

आणि मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

श्याओ लाँगन्यूच्या अंगात विष भिनलेलं असतं. उतारा नाही. यांग क्वोलाही दुसरं एक विष बाधलेलं; त्याच्यावर उतारा आहे, पण ती मरणार तर मला जगायचं नाही, म्हणून तो घेत नाही. तेव्हा एका रात्री ती गुपचूप उठते. दरीच्या काठच्या कड्यावर तलवारीनं अक्षरं कोरते की, सोळा वर्षांनी इथंच भेटू, आपल्या शब्दाला जाग. आणि दरीत उडी घेते. हेतू एवढाच की भेटीच्या आशेनं तरी त्यानं उतारा घ्यावा आणि जगावं. सोळा वर्षांत विसरेल, असा तिचा हिशोब.

तो मात्र विसरत नाही. सोळा वर्षं तो एकटा राहतो. केसांत पांढरं दिसायला लागतं. ठरल्या दिवसाच्या आधीच तो त्या कड्यावर येऊन बसतो.

माझ्या लेकीनं हे सगळं भराभर सांगितलं. आत्याच्या वाती थांबल्या. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्यो थांबला व्हय गं? गडीमाणूस? सोळा वरसं?"

आम्ही दोघी गप्प झालो.

आता माझ्या आत्याबद्दल सांगायला हवं. सत्त्याण्णव सालचा पोळा झाला आणि आत्याचे मालक कामाला म्हणून मुंबईकडं गेले. दोन वेळा मनिऑर्डर आली. एकदा कुणाच्या तरी हाती निरोप आला. नंतर काहीच नाही. माझे वडील मुंबईला जाऊन शोधून आले, पोलिसात नोंद केली. कुणी म्हणालं सुरतला दिसले, कुणी म्हणालं दुसरा संसार मांडला. कुणी काहीच म्हणालं नाही, फक्त आत्याकडं बघून मान हलवली. मूलबाळ नव्हतं. सासरी दीर-भावजयीत तिचं कसं निभावणार? ती माहेरी आली. वडील गेल्यावर माझ्याकडं आली. आता पंचवीस वर्षांवर होऊन गेली. गळ्यात डोरलं आहे, कपाळाला कुंकू आहे. वटपौर्णिमेला ती वडाला दोरा गुंडाळते. पण हळदीकुंकवाला बोलावणं आलं की दोन पावलं मागंच थांबते. सवाष्णीत धरावं की नाही, हे बोलावणाऱ्यांनाही कळत नाही, आणि तिलाही.

आपल्या गोष्टींत वाट बघायचं काम बाईकडंच. लक्ष्मण वनात गेला आणि उर्मिला चौदा वर्षं महालात राहिली. रामलीलेत तिच्या वाट्याला किती वेळ येतो? दमयंतीनं तर नवऱ्याला शोधून काढलं. पुरुष वाट बघतोय, आणि तेही तारीख मोजत, असं चित्र आत्यानं सत्तरीला टेकल्यावर पहिल्यांदा बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुढचा भाग लावला. ठरला दिवस येतो, मावळतो, ती काही येत नाही. तो त्याच कड्यावरून उडी घेतो आणि खाली पडतो तो एका तलावात. तळाशी ती जिवंत असते! तिथलं थंडगार पाणी, मासे आणि मध यांवर तिनं सोळा वर्षं काढलेली. मधमाश्यांच्या पंखांवर बारीक अक्षरं कोरून तिनं निरोपही पाठवलेले असतात, पण ते वाचणार कोण?

मी आणि लेक डोळे पुसत होतो. आत्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाली, "त्याचं बरं हाय बाई. त्यो सोळा वरसं जगभर हिंडला, लोकांनी त्याला मोठा म्हन्लं, गरुड संगं व्हता. ती मातर बुडातच बसली."

मला चपराक बसल्यासारखं झालं. मी मालिकेच्या प्रेमात होते, हे मला दिसलंच नव्हतं! तो खरंच त्या सोळा वर्षांत गरुडवीर म्हणून गाजलेला असतो. वाट दोघांनी बघितली, पण त्याची वाट मोकळ्या आभाळाखाली होती.

मी म्हटलं, "आत्या, पण दोघांचंही संपलं ना शेवटी?"

"संपनारच की. तिनं दगडावर ल्हून ठिवलं व्हतं. सोळा म्हंजी सोळा. मला कुनी ल्हून दिलं?"

त्या रात्री मला झोप आली नाही. पंचवीस वर्षांत आम्ही सगळ्यांनी आत्याला जेवू घातलं, साडी घेतली, दवाखान्यात नेलं. पण तिची ही वाट कधी संपायची, हे एकदाही तिला विचारलं नव्हतं. विचारणंच अशुभ वाटायचं.

कायद्यानं मात्र तारीख केव्हाच लिहून ठेवलीय, हे मला ओळखीच्या वकीलबाईंकडून कळलं. जिवंत असता तर ज्यांना खबर लागली असती, अशा माणसांना सात वर्षं त्या व्यक्तीचा काहीच ठावठिकाणा लागला नसेल, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमात हे होतं, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. पण हे आपोआप होत नाही, दिवाणी न्यायालयात दावा लावून तसं जाहीर करून घ्यावं लागतं. मग हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी म्हणून तिचा हक्क लागतो, सातबाऱ्यावर नाव लावायची वाट मोकळी होते. ज्यांना नुसती फारकत हवी असेल त्यांच्यासाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सात वर्षं बेपत्ता असणं हे घटस्फोटाचं स्वतंत्र कारण आहे. म्हणजे आत्याची मुदत २००४-०५ च्या सुमारासच भरली होती! मालकांच्या नावचं सव्वा एकर रान दीर कसत राहिले आणि आत्या माझ्या अंगणात हळद निवडत राहिली.

हे तिला सांगायचं कसं? दावा लावायचा म्हणजे 'माझा नवरा मेला असं धरा' असं तिनंच म्हणायचं. कुठल्या तोंडानं सांगू? दोन-तीन दिवस मी घोळवत राहिले. शेवटी लेकीनंच सांगून टाकलं. या पिढीचं हे एक बरं आहे.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. चिडली नाही, रडली नाही. वाती वळत राहिली. मग म्हणाली, "पोळ्याला गेले ते. ह्या पोळ्यापतुर बघते. मंग तू म्हन्ती तिथं अंगठा देते."

मैत्रिणींनो, दगडावर कोरावं तसं वाटलं मला ते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या वाट बघण्याला तारीख लागली, आणि ती तिनं स्वतः लावली.

हळदीचे दिवस संपले. पाऊस पडला, पेरण्या झाल्या. आत्या नेहमीसारखीच वागत होती. फक्त आषाढ संपताना एकदा तिनं श्रावण किती दिवसांचा आहे ते कालनिर्णयात बघायला लावलं. पोळा आला. बैल सजले, मारुतीच्या पाराला फेरी झाली. आत्यानं पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि संध्याकाळी बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. रस्त्याकडं तोंड करून. मी आतून दोनदा बघून आले, हाक मारली नाही.

करीच्या दिवशी सकाळी उठले तर आत्या धुतलेलं नऊवारी नेसून तयार. हातात पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि लग्नातला एकुलता एक फोटो, कडा खाल्लेला.

"चल. कोर्टाच्या बाईकडं."

"आत्या, आज सुटीचं वातावरण आहे गं. उद्या जाऊ."

"नगं. आजचं ठरलं व्हतं."

रिक्षात मी भीत भीत विचारलं, "आणि गळ्यातलं?" तिनं डोरल्यावर हात ठेवला. "ते कामून काढायचं? ते मव्हं हाय. मव्हे मनी, मव्ही हौस. कोर्ट काय मनी मोजतंय व्हय?" वकीलबाई हे ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, कायद्याला तुमच्या गळ्यातल्याशी काही देणंघेणं नाही, आजी.

दावा आता लागलाय. तारखा पडतायत. दीर बोलायचे बंद झालेत, त्याला इलाज नाही. निकाल काय लागेल तो लागेल. पण या गौरीपूजनाला आत्या हळदीकुंकवाच्या वेळी मागं थांबली नाही. पुढं येऊन बायकांच्या ओळीत बसली आणि कुणी काही विचारायच्या आत स्वतःच करंडा पुढं ओढला.

माझी लेक म्हणते, जिन योंगची अजून एक मालिका आहे, आधीच्या पिढीची, ती बघू. मी तयार आहे. मला या तलवारीवाल्यांचं आता वेडच लागलंय म्हणा ना! पण आत्याला नवीन काही नको. परवा लाइट गेले होते, मोबाइलला थोडंसंच चार्जिंग उरलेलं. ती जवळ येऊन बसली.

"ते पांढऱ्या कपड्यावालीचं लाव गं."

"कुठलं? तो कड्यावर बसतो ते?"

"त्याचं नगं. ती दरीतून वर येती, तेवढं दाव."